कप्तानानं धुवायचे कपडे

आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाकडे खेळायच्या कपड्यांचा एकच संच आहे. बारा मरून टी-शर्ट, बारा गुडघा झाकणाऱ्या काळ्या हाफ पँट. शाळेत सगळे त्याला ड्रेस म्हणतात. शाळा चाकूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे, अकरावी-बारावीचे वर्गही तिथंच भरतात, आणि गेली सव्वीस वर्षं मी तिथं खेळ शिकवते. मी नवी होते तेव्हा सामना झाला की मुली ड्रेस आपापल्या घरी न्यायच्या. पुढे ते कुठे जायचे, देवाला ठाऊक. एक टी-शर्ट मला आठवडी बाजारात एका मुलीच्या भावाच्या अंगात दिसला. दुसऱ्या टी-शर्टनं एका घरी चुलीवरचं पातेलं उतरवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच चुलीवरचा चहा पिऊन गप्प परत आले.

मग वैतागून नियम केला. सामना किंवा ड्रेसमधला सराव संपला की कप्तानानं मैदानाच्या कडेला एक चादर अंथरायची. मुलींनी कपडे बदलून ड्रेस त्या चादरीत टाकायचे. कप्तानानं गाठोडं बांधून घरी न्यायचं, धुवायचं, वाळवायचं, बारा मोजून परत आणायचं. एखादा कमी भरला तर तिनं उत्तर द्यायचं. माझी कटकट कमी व्हावी यापलीकडे त्यात काही हेतू नव्हता, नेतृत्व वगैरे शब्द तर तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हते.

पण झालं असं, की त्या गाठोड्यानं कप्तान घडायला लागल्या. एका वर्षीची कप्तान माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, सात नंबरला रागवू नका. तिच्या पँटची नाडी तुटलीय, पिन लावून खेळतीय. सूर मारताना पिन सुटंल म्हणून भेती ती.” मी त्या सात नंबरच्या मुलीला महिनाभर आळशी, भित्री, काय काय म्हणत होते. दुसरीला कपडे धुताना कळलं की एक मुलगी नेहमी उजव्याच अंगावर पडते, कारण माती कायम उजव्या बाहीलाच. कुणाची पाळी आलीय आणि ती सांगत नाही, कुणाला घरून नीट जेवण मिळत नाही म्हणून पँटची कंबर दर महिन्याला सैल होतेय, हे सगळं त्या मुलींना बादलीत दिसायचं. मी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानभर ओरडत फिरायचे आणि मला दिसायचं नाही. कप्तान कशी असावी याबद्दल माझ्याकडे एवढंच ज्ञान आहे, आणि तेही मुलींचं.

आता मला सांगायचंय ते काही वर्षांपूर्वीच्या कप्तानाबद्दल. ती तेव्हा बारावीला होती. घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागे, बौद्ध वस्तीत. आई रोजानं शेतात जायची. वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात, त्यामुळे उन्हाळ्यात आख्खं गाव त्यांची वाट बघत नळापाशी घागरी मांडून बसायचं. पोरगी उंच, सडपातळ, आणि पळतीत, म्हणजे बचावात, अशी, की समोरची दमून कमरेवर हात ठेवायची आणि ही अजून ओठ मिटून नाकानं श्वास घेत असायची. कप्तान मी निवडते, मतदान वगैरे भानगड ठेवत नाही. त्या वर्षी दुसरं नाव माझ्या मनातही आलं नाही.

तिला पोलिसात जायचं होतं. भरतीला बारावी पास लागते आणि तिचं इंग्रजी घटक चाचणीत राहिलं, सहामाहीतही राहिलं. संघ राज्यपातळीवर पोचला तर खेळाडूंना बारावीला सवलतीचे गुण मिळतात. हा सगळा हिशेब तिनं बोटावर मांडून ठेवला होता. “तालुका, जिल्हा, मंग नांदेडला विभाग, मंग राज्य,” ती म्हणायची. “राज्याला गेलो की गुण, गुण भेटले की बारावी, बारावी झाली की भरती. मधी एक जरी निसटलं मॅडम, तर मी हाय आन् आईसंगं सोयाबीन हाय.” हे ती हसत सांगायची. मला मात्र ते ऐकून दडपण यायचं, कारण त्या चार पायऱ्यांपैकी एकही माझ्या हातात नव्हती असं मला म्हणता येत नव्हतं.

तालुक्याचा सामना आम्ही आरामात जिंकलो. तिनं नियमाप्रमाणे चादर अंथरली. मी खुर्चीवर बसून पंचांच्या कागदावर सह्या करत होते, चादरीकडे माझं लक्ष नव्हतं. मग आवाज ऐकू आले.

“माझं राहू दे, माझी आई धुती.”

“मला साबणाची खाज येती. आमच्या घरचा साबण येगळा हाय.”

“तुझं बारावीचं वरीस हाय. कशाला तरास घेतीस? आमचं आमी धुतो की.”

सगळ्या गोड बोलत होत्या. एकीनं तर तिच्या गळ्यात हात टाकला होता. एकेक मुलगी ड्रेसची घडी करून आपल्या पिशवीत घालत होती, आणि चादरीत शेवटी तीन ड्रेस पडले, तिचा स्वतःचा, तिच्याच वस्तीतल्या दोघींचे. ती वाकून चादरीच्या कोपऱ्यावरची माती झटकत होती. बराच वेळ झटकत होती.

मला कळलं. खरं तर पहिल्याच वाक्याला कळलं, मी याच गावात वाढलेली नाही तरी याच गावात जन्म काढलेला आहे. गेल्या वर्षी कप्तान पाटील गल्लीतली होती, तिच्या घरी बारा ड्रेस गेले तेव्हा कुणाला खाज आली नव्हती. अर्ध्या तासापूर्वी याच मुली पाठीवर हात ठेवून एकमेकींना खो देत होत्या. एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, एकाच बाटलीनं पाणी पीत होत्या. खेळताना कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते घरी गेल्यावर दोरीवर काय वाळत घालायचं आणि शेजारणीला काय सांगायचं तिथं.

मी उठून काय म्हटलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. “ठीक आहे, यापुढे ज्याचा ड्रेस त्यानं धुवायचा. पण हरवला तर गाठ माझ्याशी आहे.” इतक्या वर्षांचा नियम मी एका दमात मोडला, आणि वर असा आव आणला, की मी सगळ्यांना समान वागवलं. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं केलंत. उगाच विषय वाढला असता.” मलाही बरं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी पाय गरम पाण्यात घालून बसले आणि म्हटलं, चला, एक तकरार टळली.

जिल्ह्याच्या स्पर्धा लातूरला होत्या. तिथं पोचलो तर एकीचा ड्रेस ओला, रात्री पिळून घातलेला. दुसरीच्या आईनं तापल्या इस्त्रीनं पाठीवरचा आकडा वितळवून ठेवलेला, त्यावरून पंचांनी अर्धा तास खाल्ला. तिसरी टी-शर्ट घरीच विसरून आली, तिच्यासाठी मी दुसऱ्या शाळेच्या मॅडमच्या हातापाया पडले. पण हे काहीच नव्हतं. खरं नुकसान झालं ते उपकप्तानाच्या गुडघ्यावरून.

उपकप्तान म्हणजे आमची खांब मारणारी, खांबाला धरून सूर मारत बाद करणारी, चांगल्या बागायतदाराची लेक, मनानं सरळ, तोंडानं फटकळ. सरावात आठवडाभरापूर्वी ती पडली होती आणि गुडघा आतून चिघळला होता. घरी कळलं तर खेळ बंद होईल म्हणून ती पट्टी बांधून, वर पँट ओढून खेळत होती. त्या पँटला आतून रक्त-पूवाचा डाग होता. तिच्या आईनं तो बघितला नाही, कारण तिच्या घरी कपडे मशीनमध्ये जातात. चादर आमच्या कप्तानाच्या घरी गेली असती तर तिला तो डाग पहिल्याच दिवशी दिसला असता.

तिला दिसला नाही, म्हणून अंतिम सामन्यात तिनं उपकप्तानाला पळतीच्या पहिल्या तुकडीत पाठवलं. ती काही क्षणांत बाद झाली, तेही वळताना गुडघा दुमडून, सगळ्यांसमोर. आम्ही तो सामना शेवटच्या मिनिटात, अक्षरशः रडतखडत जिंकलो. जिंकल्यावर मुली नाचल्या पाहिजेत ना? आमच्या मुली दोन घोळक्यांत उभ्या होत्या.

“तुला दिसत न्हाई का, मी लंगडून राहिले ते?” उपकप्तान म्हणाली.

“तू सांगितलंस का?”

“कप्तान तू हाय. तुला कळाया नको?”

आमच्या कप्तानानं माझ्याकडे पाहिलं. मी बसचे पैसे मोजत असल्यासारखं केलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस सरावात काही राम नव्हता. कुणी कुणाशी भांडत नव्हतं, तेच वाईट होतं. खो दिला की उठणारी अर्ध्या क्षणानं उशिरा उठायची. खो-खोत अर्धा क्षण म्हणजे सगळं. समोरून, बसलेल्या मुलींमधून साखळी करत, मुलगी निघून जाते आणि तुम्ही तिच्या वेणीकडे बघत राहता. मी ओरडायचे, मैदानाला चकरा मारायला लावायचे. रागीट म्हणून माझी ख्याती आहे आणि मी ती जपलेली आहे. पण कशावर ओरडायचं ते मी काळजीपूर्वक निवडत होते, हे आता मला दिसतं.

नांदेडच्या विभागीय स्पर्धेचा फॉर्म भरायच्या दिवशी ती खेळाच्या खोलीत आली. मधली सुट्टी होती. मी टेबलावर फॉर्म पसरून बसले होते.

“मॅडम, कप्तान म्हणून तिचं नाव टाका.”

“कुणाचं?”

तिनं उपकप्तानाचं नाव घेतलं.

“का गं?”

“संघ फुटून राहिला. ती कप्तान झाली की डिरेस सगळे एका जागी जातेल, पोरी पहिल्यासारख्या होतेल.” मग म्हणाली, “मला कप्तानकीचं काय करायचं हाय? मला राज्याचा कागद पायजे.”

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. शाळेची ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट पिनांनी लावलेली. मी म्हणाले, “बघ हं. नक्की ना?”

“हाव.”

मी तिच्या नावावर व्हाइटनर लावला. ती दाराशी उभी राहिली. मी फुंकर मारून तो वाळवला, वर दुसरं नाव लिहिलं, आणि वर बघितलं तर ती अजून तिथंच होती. “जा आता, जेवण कर,” मी म्हणाले. ती गेली. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं झालं. पोरगी किती समजूतदार आहे, असंही मनात आलं, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

दुसऱ्या दिवसाच्या सरावानंतर नव्या कप्तानानं चादर अंथरली. भराभर बारा ड्रेस पडले. त्यानंतर ते धुवून आले तेव्हा नऊ ड्रेस एका गाठोड्यात होते आणि तीन वेगळ्या कॅरीबॅगमध्ये. तेही स्वच्छ धुतलेले, इस्त्री केलेले, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच नीट. नव्या कप्तानाला ते देताना लाज वाटत होती, तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि खाली बघून निघून गेली. ती तिच्या आईनं केलेली घडी होती, तिची नव्हे. आमच्या मुलीनं येऊन पिशवी उघडली, आपला आणि वस्तीतल्या त्या दोघींचे ड्रेस काढले, पिशवीची घडी करून दप्तरात ठेवली आणि सरावाला गेली. मी हजेरी घेतली.

नांदेडला आमचा मुक्काम एका शाळेच्या हॉलमध्ये होता आणि दोन्ही वेळचं जेवण गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये. तिथं पंगतीत ती सगळ्यांच्या मधोमध बसली. नवी कप्तान तिच्या ताटातली पोळी तोडून खात होती. बाहेरगावी आमची माणसं लई मोकळी होतात. गावाची शीव ओलांडली की निम्मे नियम बसच्या टपावर बांधून ठेवलेले असतात, परत येताना आठवणीनं उतरवून घेतात.

अंतिम सामना मी आयुष्यात पाहिलेल्या चांगल्या सामन्यांपैकी एक होता. नवी कप्तान नाणेफेकीला गेली, पण कौल जिंकल्यावर काय घ्यायचं ते विचारायला तिनं मागे वळून हिच्याकडे पाहिलं. हिनं दोन बोटांनी पळतीची खूण केली. प्रत्येक तुकडी आत जाताना तसंच. कोण कुठे बसणार, कोण आधी जाणार, हे सगळं हीच ठरवत होती, आणि मुली बिनबोभाट ऐकत होत्या. दंडावर कप्तानाची पट्टी नाही म्हटल्यावर तिचं ऐकायला कुणाला जड जात नव्हतं. शेवटच्या तुकडीत ती आत गेली आणि शिट्टी होईपर्यंत बादच झाली नाही. आम्ही जिंकलो. मुलींनी तिला उचलून घेतलं. वर उचललेली असताना ती माझ्याकडे बघून हसली, आणि मीही टाळ्या वाजवत होते.

राज्यस्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. कागद मिळाला. सवलतीचे गुण लागले, इंग्रजी निघालं, बारावी झाली. दुसऱ्या प्रयत्नात ती भरती झाली आणि नांदेडला लागली. पेढे घेऊन घरी आली तेव्हा माझ्या पाया पडली. वाईट काय झालं, असं कुणी विचारलं असतं तर मी एकही गोष्ट सांगू शकले नसते.

मग भाषणं सुरू झाली. लातूरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं, ‘संघनायकांकडून नेतृत्वाचे धडे’ असा विषय. माझ्या आधीच्या वक्त्यानं पडद्यावर क्रिकेटच्या कप्तानांचे फोटो दाखवले, संयम, दूरदृष्टी, वगैरे. लोक पेंगत होते. मी उठले आणि आमच्या कप्तानाची गोष्ट सांगितली. संघासाठी स्वतःची खुर्ची सोडणारी मुलगी. खरा नेता तो, ज्याला नावाची गरज लागत नाही. सभागृह उठून बसलं. दोन बायकांनी डोळे पुसले. तिथून मला बोलावणी यायला लागली, मुरूडला, जळकोटला, कुठे बचत गटाच्या मेळाव्यात, कुठे सहकारी सोसायटीच्या सभासदांसमोर. शाल, श्रीफळ, फोटो. दर वेळी गोष्ट जरा जास्त गोंडस व्हायची. चादर तिच्यात कधीच नव्हती. “संघात काही कुरबुरी होत्या,” असं मी म्हणायचे. कुरबुरी हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात कुणाचं घर दिसत नाही.

खरं सांगायचं तर या भाषणांनी मी बेजार झाले होते. गुडघे दुखतात, एसटीत उभं राहावत नाही, शाळेत पोर्टलवर माहिती भरता भरता मैदान बघायला वेळ उरत नाही. तरी बोलावलं की जायचे. लोकांनी आपल्याकडे आदरानं बघितलं की माणूस थकलेला असला तरी जातोच.

या मार्चमध्ये नांदेडच्या एका कॉलेजात महिला दिनाचा कार्यक्रम होता. मी तीच गोष्ट सांगत होते आणि मधेच मला मागच्या रांगेत ती दिसली. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, केस बांधलेले, पोलिसासारखी ताठ बसलेली. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली होती, त्यात माझं नाव बघून ती रजा टाकून आली होती. मी गडबडले. पण भाषण इतकं पाठ झालं होतं, की तोंड आपोआप पुढे बोलत राहिलं. कुरबुरी म्हणाले, त्याग म्हणाले, टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या.

नंतर ती मला स्कूटीवर बसवून बसस्टँडला घेऊन आली. लातूरच्या गाडीला अवकाश होता. स्टँडबाहेर चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर आम्ही बसलो. तिनं माझ्या चहात साखर कमी सांगितली, माझी शुगर तिच्या लक्षात होती. आईचं, वडिलांचं बोलून झालं. वडील अजून पाणी सोडतात.

“मॅडम, लई छान बोलता तुम्ही,” ती म्हणाली. “माझ्या बाजूची बाई रडलाली व्हती. मीच ती हाय म्हणून सांगावं वाटलं तिला.”

“मग सांगायचंस.”

“न्हाई सांगितलं.” तिनं चहाचा कप खाली ठेवला. “एक खुलासा करू का? राग नका मानू.”

“बोल की.”

“मी कप्तानकी सोडाया आले नव्हते त्या दिवशी.”

मी तिच्याकडे वळून बसले.

“तुमी न्हाई म्हणताल म्हणून आले व्हते. मला वाटलं, मॅडम आता चिडतेल. सगळ्या पोरींना बोलवून घेतेल, मैदानाला चकरा मारायला लावतेल. दोन मिन्टं उशीर झाला तर तुमी आख्ख्या संघाला पळवायच्याव. म्हणलं, याच्यावर तर मॅडम शाळा डोक्यावर घेतेल. घरी आईला सांगून आले व्हते, बघ म्हणलं आता काय हुतंय ते.” ती जरा हसली. “तुमी म्हणलाव, बघ हं, नक्की ना. मंग मी काय म्हणणार? हाव म्हणलं.”

पलीकडे उदगीरच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता. मी कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. तिला समजावण्यासारखं बरंच काही माझ्या तोंडाशी आलं. कागद मिळाला ना, नोकरी लागली ना, संघ जिंकला ना. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही तिच्यासमोर बोलण्याच्या लायकीचं नव्हतं.

माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “जाऊ द्या मॅडम. तुमी तवा लई थकलेल्या असायच्याव. सगळा जिम्मा एकट्या तुमच्यावर. आमाला दिसायचं की ते.”

ती मला वाट काढून देत होती. मैदानात द्यायची तशीच, स्वतः पुढे होऊन, दुसरीला सुटायला जागा करून. मला नुसती मान हलवायची होती.

“नाही गं,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी थकले नव्हते. त्या पोरींच्याच गल्लीत राहते मी, त्यांच्याच आया माझ्या दाराशी येऊन बसतात. मला त्यांच्याशी वाईट व्हायचं नव्हतं.”

ती हळूच म्हणाली, “हाव. आमाला ते बी दिसायचं.”